पॅकेज मोठे की शिल्लक मोठी? सोलापूरहून पहिल्या नोकरीला निघण्यापूर्वी मांडायचा हिशेब

गेल्या वर्षी जून महिन्यात शेजारची मुलगी आपले ऑफर लेटर घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा तिची आईही सोबत होती. मुलीने नुकतीच अभियांत्रिकीची पदवी घेतली होती आणि हिंजवडीतल्या एका कंपनीने तिला वर्षाला ३ लाख ६० हजार रुपयांचे पॅकेज देऊ केले होते. तिने मोबाइलवर १२ ने भागून ३० हजार हा आकडा काढून ठेवला होता आणि सोलापुरातच मिळत असलेल्या, हातात १४ हजार देणाऱ्या दुसऱ्या नोकरीचा विचार जवळजवळ सोडून दिला होता. आई बराच वेळ गप्प होती. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला, "ते सगळं खरं, पण महिन्याला हातात किती येतंय ओ भाऊ?"

त्या प्रश्नाचे उत्तर पत्राच्या पहिल्या पानावर नव्हते. ते शेवटच्या पानावरच्या, बारीक अक्षरांत छापलेल्या तक्त्यात होते. तो तक्ता कसा वाचायचा, त्यापुढे शहरातला खर्च कसा मांडायचा आणि घरी राहून करता येणाऱ्या नोकरीशी त्याची तुलना कशी करायची, हे मी येथे सविस्तर लिहीत आहे. मी स्वतः पहिल्या नोकरीसाठी पुण्याला गेलो, तेव्हा असा हिशेब कोणी करून दिला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता. परिणामी पहिले आठ महिने वडिलांकडून दरमहा पैसे मागवावे लागले. ज्या घरात मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहिली जात होती, त्या घरातून उलट पैसे जात राहिले, ही गोष्ट मला आजही बोचते.

पॅकेजमधून हातात काय येते

पॅकेज किंवा सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षभरात करणार असलेला एकूण खर्च होय. त्यातली प्रत्येक रक्कम दरमहा तुमच्या बँक खात्यात जमा होत नाही. त्या मुलीच्या तक्त्यात मूळ वेतन दरमहा १५ हजार होते. भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीएफमध्ये, कंपनीचा वाटा मूळ वेतनाच्या १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये होता. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के म्हणजे सुमारे ७२० रुपये धरलेले होते. आरोग्य विम्याच्या हप्त्यापोटी ५०० रुपये होते आणि वर्षाचे ३६ हजार रुपये, म्हणजे महिन्याचे ३ हजार, 'व्हेरिएबल' या नावाखाली होते. या चारही रकमा ३० हजारांतून वजा केल्या की दरमहा मिळणारे एकूण वेतन सुमारे २३,९८० रुपये उरते. त्यातून पीएफमधला तिचा स्वतःचा वाटा, तोही १,८०० रुपयेच, कापला गेला की खात्यात सुमारे २२,१८० रुपये जमा होणार होते.

यातल्या प्रत्येक कपातीचा अर्थ निराळा आहे. पीएफचे पैसे बुडत नाहीत. ते तुमच्याच नावावर साठत जातात, कंपनीच्या वाट्यातला काही भाग निवृत्तिवेतन योजनेत जातो आणि उरलेल्या रकमेवर व्याज मिळते. म्हणून पीएफ कापणारी कंपनी आणि न कापणारी कंपनी यांच्या हातातल्या पगाराची तुलना करताना ही बचत लक्षात घ्यावी. ग्रॅच्युइटीचे तसे नाही, कारण कायम नोकरीत ती साधारणतः सलग ५ वर्षे सेवा झाल्यावरच मिळते. जो दोन वर्षांत नोकरी बदलणार आहे, त्याने ही रक्कम हिशेबात धरूच नये. व्हेरिएबलबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षासाठी ते शून्य समजावे. ते कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर अवलंबून असते, बहुधा वर्षाअखेरीस मिळते आणि काही वेळा पूर्ण मिळत नाही. मिळाले तर त्यातून शैक्षणिक कर्ज फेडता येईल. पण घरभाडे दर महिन्याला द्यावे लागते आणि ते अशा रकमेवर विसंबून ठरवता येत नाही.

महाराष्ट्रात व्यवसाय करही कापला जातो. महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त वेतन असलेल्या पुरुषाला तो ११ महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असा वर्षाला २,५०० रुपये भरावा लागतो. महिलांना मात्र महिन्याला २५ हजारांपर्यंतच्या वेतनावर हा कर माफ आहे, त्यामुळे त्या मुलीला तो लागू नव्हता. तेच पॅकेज तिच्या वर्गातल्या मुलाला मिळाले असते, तर त्याच्या हातात सुमारे २१,९८० रुपये आले असते. प्राप्तिकराची धास्ती या पातळीवर बाळगण्याचे कारण नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या वेतनावर कर द्यावा लागत नाही.

मासिक वेतन २१ हजारांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू आहे का, हे अवश्य विचारावे. त्यात कर्मचाऱ्याच्या वेतनातून अवघे ०.७५ टक्के कापले जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते आणि उपचारांचा लाभ अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही मिळू शकतो. ज्यांच्या घरी यंत्रमागावर किंवा विडी वळण्यात आयुष्य गेलेले आई-वडील आहेत, त्यांच्यासाठी ही सोय हजार रुपयांच्या वाढीव पगाराहून मोलाची ठरू शकते.

काही पत्रांत 'कर्मचारी' हा शब्दच नसतो. तुम्हाला सल्लागार म्हणून घेतलेले असते आणि पगाराऐवजी फी मिळते. तेथे पीएफ नसतो, भरपगारी रजा बहुधा नसते आणि फीमधून टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच वळता केलेला प्राप्तिकर, कापला जातो. तो परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. असे पत्र वाईटच असते असे नाही, पण त्यातले २५ हजार आणि पगारपत्रकावरचे २५ हजार एका मापाने मोजता येत नाहीत. प्रशिक्षणाचा खर्च वसूल करणारा बॉण्ड आहे का आणि मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवायला सांगितल्या आहेत का, हेही याच बैठकीत पाहून घ्यावे. मूळ कागदपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत, असेच मी प्रत्येकाला सांगतो.

खर्चाचा कागद खोलीपासून सुरू करावा

दुसरा कोरा कागद घेऊन त्यावर शहरातला खर्च मांडावा. बहुतेक जण आधी पगार लिहितात आणि मग तो खर्चांत वाटत बसतात. तसे केल्याने प्रत्येक खर्च पगारात बसेल असा कमी-कमी लिहिला जातो. म्हणून पगाराचा आकडा बाजूला ठेवून, त्या शहरात साधेपणाने राहायला किती लागेल हे आधी ठरवावे आणि नंतरच दोन्ही कागद शेजारी ठेवावेत.

आम्ही त्या संध्याकाळी पुण्यात असलेल्या दोन माजी विद्यार्थिनींना फोन लावले आणि त्यांनी सांगितलेल्या रकमा जशाच्या तशा लिहिल्या. वाकडमध्ये चौघींनी मिळून घेतलेल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचे भाडे ३० हजार, म्हणजे एकीच्या वाट्याला ७,५०० रुपये. दोन वेळच्या मेसचे ४ हजार. सकाळचा नाश्ता, चहा आणि रविवारी मेस बंद असल्यावरचे जेवण मिळून १,५००. ऑफिसला जाण्या-येण्याचे १,५००. वीज, गॅस, इंटरनेट आणि भांडी-झाडू करणाऱ्या मावशींचा पगार यांतला वाटा १,२००. मोबाइलचे ३००. महिन्यातून दोनदा सोलापूरला येण्या-जाण्याचे १ हजार. कपडे, औषधपाणी, लग्नकार्यातला आहेर आणि अचानक उद्भवणारे सगळे मिळून २ हजार. एकूण १९ हजार झाले. हातात येणाऱ्या २२,१८० मधून ते वजा केले की उरतात ३,१८० रुपये. आईने तो आकडा दोनदा विचारून घेतला. तुमच्या बाबतीत या रकमा वेगळ्या असतील. कागदावरच्या ओळी मात्र बहुधा याच असतील आणि त्यांतली एकही वगळू नये.

यातल्या दोन ओळींवर थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे.

पहिली ओळ प्रवासाची. स्वस्त खोली ऑफिसपासून दूर मिळते आणि त्या खोलीची खरी किंमत भाडे अधिक वेळ अशी असते. स्वारगेटच्या बाजूला राहून हिंजवडीला रोज जाणाऱ्याचे जाऊन-येऊन अडीच तास गेले, तर महिन्याच्या २२ दिवसांत ५५ तास होतात, म्हणजे आठ तासांचा एक दिवस धरला तर जवळजवळ सात दिवस. नव्या पदवीधराला हेच तास नवे काही शिकण्यासाठी हवे असतात. दोन हजार रुपये वाचवण्यासाठी इतका वेळ देणे मला परवडण्यासारखे वाटत नाही. याउलट मुंबईत लोकलचा मासिक पास स्वस्त असल्यामुळे लोक लांब राहतात. तेथे प्रवासाचा पैसा कमी लागतो, पण खोलीचे भाडे आणि अंगावर येणारी दगदग जास्त असते. म्हणून मुंबईच्या नोकरीत पगार पुण्यापेक्षा पाच हजारांनी अधिक दिसला, तरी तो फरक एकट्या भाड्यातच जिरतो का, हे आधी तपासावे.

दुसरी ओळ जेवणाची. मेसच्या डब्याला कंटाळून बाहेरून मागवणे सुरू झाले की ४ हजारांचे ७ हजार कधी होतात, ते कळत नाही. यावर आपल्याकडचा जुना उपाय अजूनही उत्तम आहे. घरून येताना पत्र्याच्या डब्यात भरून आणलेल्या कडक भाकऱ्या दोन-तीन आठवडे सहज टिकतात. त्या मोडून त्यांवर शेंगाचटणी, दही आणि चिरलेला कांदा घेतला की रात्री उशिरा ऑफिसमधून आल्यावरही पोटभर जेवण होते. माझ्या पुण्यातल्या खोलीवर हा डबा दाराजवळच्या फळीवर असे आणि बरोबरीची नांदेडची व साताऱ्याची मुलेही महिनाअखेरीस त्यावरच दिवस काढत. पदार्थ साधा आहे, पण महिन्याला हजार रुपयांचा फरक त्याने नक्की पडतो.

पाण्याबाबत सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. उजनी धरणातून येणारे पाणी काही दिवसांआड भरून ठेवायची आपल्याला सवय आहे. पुण्याच्या नव्या वस्त्यांतही अनेक सोसायट्या टँकरवर चालतात. तेव्हा टँकरचा खर्च भाड्यातच धरला आहे की वेगळा, हे खोली पाहतानाच विचारावे.

पहिला पगार येण्याआधीचे पैसे

बहुतेक घरांची ओढाताण या टप्प्यावर होते, कारण महिन्याचा हिशेब जमला तरी सुरुवातीची रक्कम कोणी मोजलेली नसते. पुण्यात डिपॉझिट म्हणून सहसा दोन ते तीन महिन्यांचे भाडे मागतात आणि एजंट एक महिन्याचे भाडे घेतो. बेंगळुरूत तर १० महिन्यांचे डिपॉझिट मागण्याची जुनी रीत आहे. वरच्याच फ्लॅटचे उदाहरण घेतले, तर दोन महिन्यांच्या डिपॉझिटमधला एकीचा वाटा १५ हजार, एजंटच्या दलालीतला वाटा ७,५००, पहिल्या महिन्याचे भाडे ७,५००, भाडे सोडून महिन्याचा बाकी खर्च ११,५०० आणि गादी, बादली, इस्त्री अशा वस्तूंचे ४ हजार मिळून ४५,५०० रुपये पहिला पगार होण्यापूर्वीच लागतात. हे पैसे कोठून येणार, हे घरात आधी स्पष्ट बोलून घ्यावे. पतसंस्थेतून कर्ज काढायचे असेल, तर त्याचा हप्ता खर्चाच्या कागदावर नव्या ओळीत लिहावा. रुजू होण्याची तारीख निवडण्याची मुभा असेल, तर महिन्याची पहिली तारीख मागावी. अनेक कंपन्यांत २० तारखेनंतर रुजू झालेल्याचा पगार पुढच्या महिन्यात निघतो आणि तेवढे दिवस हातातल्या पैशांवरच काढावे लागतात. सुरुवातीचे दोन आठवडे नातेवाइकांकडे किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहून मग खोली शोधणे, हे घाईने करार करण्यापेक्षा बरे.

करार लिव्ह अँड लायसन्सचा असतो आणि तो बहुधा ११ महिन्यांचा करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार असा करार लेखी करून नोंदवावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात, अशी तरतूद त्याच कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. तरीही मालकावर विसंबून राहू नये. माझ्या पहिल्या खोलीचे डिपॉझिट परत देताना मालकाने रंगकामाच्या नावाखाली जवळजवळ अर्धी रक्कम कापून घेतली आणि खोली ताब्यात घेताना तिच्या भिंती कशा होत्या हे दाखवणारे माझ्याकडे काहीच नव्हते. म्हणून चावी घेतली की त्याच दिवशी प्रत्येक भिंत, नळ, पंखा आणि दार यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवावेत, डिपॉझिट रोख न देता खात्यावर भरावे आणि रंगकाम, नोटिशीचा काळ व लॉक-इन, म्हणजे खोली सोडता येत नाही तो सुरुवातीचा काळ, यांविषयीच्या ओळी सही करण्यापूर्वी वाचाव्यात.

सोलापूरच्या नोकरीशी तुलना

आता तिसरा कागद. त्या मुलीला सोलापुरात मिळणाऱ्या १४ हजारांतून घरखर्चाला ४ हजार, गाडीच्या पेट्रोलला १,५००, मोबाइलला ३०० आणि किरकोळ खर्चाला २ हजार असे ७,८०० गेले असते आणि ६,२०० उरले असते. म्हणजे पुण्यात पगार ८ हजारांनी जास्त, पण शिल्लक ३ हजारांनी कमी. शिवाय सोलापुरात राहिल्यावर आईच्या हाती दरमहा ४ हजार पडत होते, ते पुण्याला गेल्यावर पडणार नव्हते. हे समोर आले तेव्हा मुलीचा चेहरा उतरला, आणि खरे सांगायचे तर मलाही वाईट वाटले. परंतु हा कागद येथेच थांबवणे तिच्यावर अन्याय करणारे ठरले असते.

पहिल्या वर्षाची शिल्लक हे एकच माप धरले, तर आपली बहुतेक मुले घरीच राहतील आणि त्यांतल्या अनेकांचे नुकसान होईल. म्हणून तिसऱ्या वर्षाचा आकडाही काढावा लागतो आणि तो अंदाजाने काढू नये. त्याच कंपनीत तीन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या किमान दोघांना शोधावे. आपल्या महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागाकडे अशी नावे बहुधा असतात. त्यांना पॅकेज विचारू नये, कारण उत्तर पुन्हा फुगवलेलेच मिळते. पहिल्या महिन्यात खात्यावर किती जमा झाले, आज किती होतात आणि मधल्या काळात कामाचे स्वरूप बदलले का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तीन वर्षांनंतरही जो तेच फोन घेत आहे किंवा त्याच नोंदी भरत आहे, त्याला पुण्यात राहून फक्त पुण्याचा खर्च मिळाला; ज्याला या काळात स्वतंत्र काम सांभाळायला मिळाले, त्याच्या पगाराची झेप पुढच्या नोकरीत दिसते. सोलापूरच्या नोकरीलाही हेच प्रश्न लावावेत. येथे लहान कार्यालयात हिशेब, खरेदी, ग्राहक असे सगळे एकट्याने पाहावे लागते आणि त्यातून काही जण दोन वर्षांत मोठ्या शहरातल्या चार वर्षांइतके शिकतात, तर काहींना दहा वर्षांनीही तोच पगार असतो.

हैदराबादचा पर्याय आपल्याकडे पुरेसा विचारात घेतला जात नाही, असे मला वाटते. पुणे सोलापूरपासून सुमारे २५० किलोमीटरवर आहे आणि हैदराबाद त्याहून फार लांब नाही, साधारण ३०० किलोमीटरवर. सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते आणि तेथे नातेवाईकही असतात. ज्यांना पहिले दोन महिने मावशी किंवा आत्या यांच्या घरी राहता येईल, त्यांनी तिन्ही कागद हैदराबादसाठीही मांडून पाहावेत.

शैक्षणिक कर्ज असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. हप्ता सहसा अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज आधीपासूनच चढत असते. पहिल्या वर्षाच्या कागदावर हप्ता दिसत नाही म्हणून परवडते असे वाटते आणि दुसऱ्या वर्षी अचानक ५ हजारांची ओळ वाढते. म्हणून बँकेच्या शाखेत जाऊन हप्ता सुरू होण्याची तारीख आणि रक्कम लिहून घ्यावी व ती रक्कम पहिल्या महिन्यापासूनच बाजूला काढता येते का, ते पाहावे. घरी किती पैसे पाठवायचे हेही निघण्यापूर्वी बोलून ठरवावे. वडील तोंडाने मागत नाहीत आणि मुले आपणहून विचारत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे मनातल्या मनात वेगवेगळे आकडे राहतात.

त्या मुलीने दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलून शेवटी पुण्याची नोकरी स्वीकारली. त्या दोघांचेही काम दुसऱ्या वर्षी बदलले होते आणि तिच्या दृष्टीने ते पुरेसे होते. आईने पहिल्या वर्षी घरी पैसे पाठवू नकोस, असे माझ्यासमोरच सांगितले. निघताना मुलीने खर्चाचा कागद सोबत नेला आणि दिवाळीत आली तेव्हा त्याच्या उजव्या बाजूला तीन महिन्यांच्या खऱ्या रकमा पेन्सिलने लिहून आणल्या होत्या. भाडे जसेच्या तसे होते, मेस ५०० रुपयांनी वाढली होती आणि वीज, गॅस वगैरेंची ओळ दुप्पट झाली होती, कारण सोसायटीत टँकरचे पैसे वेगळे घेत होते. असा ताळा तिसऱ्या महिन्याला प्रत्येकाने घ्यावा. अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांत दोन हजारांहून अधिक फरक दिसला आणि तो खोलीमुळेच असेल, तर करार संपण्याच्या किमान दोन महिने आधी दुसरी खोली पाहायला लागावे, म्हणजे नोटिशीचा महिना आणि नव्या डिपॉझिटची जुळणी दोन्ही वेळेत होते.